ऐकणारी

जेन ऑस्टिनच्या ‘पर्सुएशन’ कादंबरीच्या दहाव्या प्रकरणात हेझलच्या झुडपांचं एक दाट कुंपण आहे. नोव्हेंबरातला स्वच्छ दिवस, सॉमरसेटमधली नांगरलेली शेतं, आणि अपरक्रॉसहून पायी फिरायला निघालेली तरुण मंडळी. चालून दमलेली ॲन एलियट एका कोरड्या, उन्हाच्या बांधावर टेकते. पाठीशी ते कुंपण. कुंपणाच्या आतल्या वाटेने कॅप्टन वेंटवर्थ आणि लुईझा मसग्रोव्ह बोलत येतात. पलीकडे कुणी बसलंय याचा त्यांना पत्ताच नाही. वेंटवर्थ वरच्या फांदीवरचं एक तुकतुकीत फळ हातात घेतो आणि लुईझाला दाखवतो: याच्या बरोबरीची सगळी गळून पायदळी गेली, हे एकटं सगळं वादळवारं सोसून टिकलं, कुठे छिद्र नाही की डाग नाही. माणसाने मनाचं असंच पक्कं असावं, आपल्या माणसांत आपल्याला तेच हवं.

आठ वर्षांपूर्वी याच वेंटवर्थशी ठरलेलं लग्न ॲनने आईच्या मैत्रिणीचं, लेडी रसेलचं, ऐकून मोडलं होतं. ती आता हातभर अंतरावर बसून हे ऐकते आहे. उठावं तर चाहूल लागेल, बसावं तर ऐकावं लागेल. मग लुईझा सहज बोलून जाते की आपल्या भावाने, चार्ल्सने, आधी ॲनलाच मागणी घातली होती आणि ॲनने नकार दिला. क्षणभर कुंपणाआड काहीच ऐकू येत नाही. मग वेंटवर्थ विचारतो, खरंच तिने नकार दिला? कधीची गोष्ट? त्या दोन प्रश्नांच्या स्वरावर ॲन आणि तिच्यासोबत आपण पुढची कित्येक पानं काढतो.

ही कादंबरी 1817च्या डिसेंबरात बाहेर आली. तिच्यावर साल मात्र 1818चं छापलेलं होतं. तोवर ऑस्टिन हयात नव्हती. 18 जुलै 1817ला, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विंचेस्टरला ती गेली. दोनशे वर्षं उलटून गेली आणि तरी जगभर लोक या पुस्तकाकडे परत परत येतात, मीही येते. कारण विचारलं तर बहुतेक जण शेवटाकडच्या वेंटवर्थच्या पत्राचं नाव घेतील. माझं उत्तर थोडं वेगळं आहे. मला वाटतं, ही ऐकणाऱ्या माणसाची कादंबरी आहे. जिच्याशी सगळे बोलतात आणि जिचं कुणी ऐकत नाही, अशा बाईच्या कानांनी ऑस्टिनने सगळी गोष्ट ऐकवली आहे.

ॲन सत्तावीस वर्षांची आहे. आई ती चौदाची असताना वारली. वडील सर वॉल्टर आपल्या घराण्याची नोंद असलेलं सरदारांच्या वंशावळींचं पुस्तक उघडून बसतात आणि त्याच्याबाहेर त्यांना जग नाही. थोरली बहीण एलिझाबेथ वडिलांसारखीच. धाकटी मेरी त्याच चार्ल्सशी लग्न होऊन अपरक्रॉसला गेलेली, सतत काहीतरी दुखतंय म्हणणारी. तिला बरं वाटेनासं झालं की ॲनला बोलावणं जातं. ॲन पोचली की मेरी सासूविषयी गाऱ्हाणं सांगते आणि सासू मेरीविषयी. मुलं कोण लाडावतं, नोकर कोण बिघडवतं, मानाने आधी कुणी चालायचं, हे सगळं दोन्हीकडून ॲनच्या कानावर घातलं जातं. ती दोघींना समजावते, कुणाचं कुणाला सांगत नाही. नाच सुरू झाला की पियानोवर बसायचंही तिनेच. तास तास ती वाजवते, बाकीचे नाचतात. मैफलीत गवयाच्या मागे तानपुऱ्यावर कुणीतरी बसलेलं असतं. सगळं गाणं त्याच्या स्वरावर उभं आणि श्रोत्यांना त्याचा चेहराही नंतर आठवत नाही. अपरक्रॉसच्या दिवाणखान्यात ॲन तशी आहे. त्या नाचात वेंटवर्थही असतो. ॲन कधीच नाचत नाही का, असं तो कुणाला तरी विचारतो. आता नाही, तिला वाजवायलाच आवडतं, असं उत्तर त्याला मिळतं. हा सवालजवाबही ॲनच्या कानावर पडतो, बोटं पट्ट्यांवर चालू असताना.

माझ्या आईची नजर अधू झाली तेव्हा संध्याकाळी दिवे लागले की मी तिला हे पुस्तक वाचून दाखवायची. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मराठीत सांगत जायचं. परक्या नावांशी आईने पहिल्या दोन दिवसांतच आपल्या पद्धतीने जुळवून घेतलं. मेरी म्हणजे “ती दुखणी काढणारी”, सर वॉल्टर म्हणजे “ते आरशातले सरदार”. सर वॉल्टरांच्या खोलीत किती आरसे आहेत हे त्यांच्या घराचे भाडेकरू ॲडमिरल क्रॉफ्ट पुढे सांगतात, त्याच्या कितीतरी आधी तिने हे नाव ठेवलं होतं. ॲन सगळ्यांची उस्तवार करते आहे अशी पानंच्या पानं गेली की ती मध्येच म्हणायची, “अगं, त्या पोरीला कुणी बस तरी म्हणा.” कुंपणाचा प्रसंग आला तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं. “तिला तिथून उठता येत नाहीये ना?” तिने विचारलं. मी नाही म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाली, “हं, वाच आता.”

डोळ्यांनी वाचताना पुढच्या ओळीवर पळता येतं. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. वाचणारा थांबला की थांबायचं, पुढचं वाक्य येईपर्यंत आहे तिथेच बसून राहायचं. आई तशी बसलेली पाहिली आणि ॲनचं बांधावरचं बसणं मला नव्याने कळलं.

ऑस्टिनच्या घरीही पुस्तकं अशी मोठ्याने वाचली जात. ‘प्राइड ॲन्ड प्रेज्युडिस’च्या छापील प्रती 1813च्या जानेवारीत चॉटनच्या घरी आल्या, तेव्हा मायलेकींनी ती कादंबरी मिस बेन नावाच्या शेजारणीला वाचून दाखवली. लेखिका समोरच बसली आहे हे त्या बाईंना माहीत नव्हतं. आई फार घाईने वाचते, पात्रांना त्यांच्या तोंडचं नीट बोलू देत नाही, अशी तक्रार जेनने बहिणीला लिहिलेल्या पत्रात केली आहे. तिच्या भाच्याने पुढे लिहिलेल्या आठवणींत एका दाराची हकीकत आहे. ते दार उघडताना कुरकुरायचं आणि ती ते दुरुस्त करू द्यायची नाही, कारण त्या आवाजाने कुणी येतंय हे आधी कळायचं. घरातल्या येण्याजाण्याचा कानोसा घेत, वाक्यांच्या मधोमध थांबत आणि पुन्हा सुरू करत या बाईने कादंबऱ्या लिहिल्या. चाहूल कशी लागते, कुठला आवाज कशाचा, हे तिला शिकायला कुठे जावं लागलं नसेल.

आणि जिथे बोलणंच नाही अशा दोन जागा तर या पुस्तकाच्या गाभ्यात आहेत. ॲन आजारी भाच्याशेजारी गुडघे टेकून बसलेली असते. दोन वर्षांचा धाकटा वॉल्टर तिच्या पाठीवर चढून गळ्याला मिठी मारतो, काही केल्या उतरत नाही. ती रागावते, समजावते, हात सोडवू पाहते. खोलीत वेंटवर्थही आहे. अचानक तिच्या पाठीवरचं ओझं हलकं होतं, पोराचे हात मानेवरून निघतात, आणि त्याला कुणी उचललं हे तिला एका क्षणाने कळतं. आभाराचा शब्द तिच्या तोंडून निघत नाही. तो मुद्दाम पोराशी गडबड करत राहतो, म्हणजे तिला बोलावं लागू नये. दुसरी जागा त्याच नोव्हेंबरच्या दिवसातली. परतताना ॲडमिरल क्रॉफ्ट आणि त्यांची बायको, म्हणजे वेंटवर्थची बहीण, घोड्याच्या छोट्या गाडीतून भेटतात. वेंटवर्थ कुंपण ओलांडून बहिणीच्या कानात काहीतरी सांगतो, आणि नको नको म्हणणाऱ्या ॲनला न बोलता हात देऊन गाडीत बसवतो. ती दमली आहे हे त्याने पाहिलं होतं. क्षमा केलेली नाही, पण दमणं पाहवत नाही. प्रेमावर लिहिलेल्या पुष्कळ जाड पुस्तकांत मला एवढं सापडलेलं नाही.

लाइम रीजिसचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. कॉब नावाचा समुद्रातला जुना दगडी धक्का, पायऱ्यांवरून उडी मारण्याचा लुईझाचा हट्ट, तिचं डोक्यावर पडणं. माझ्या मते त्यातली मोलाची गोष्ट पडण्याच्या नंतरची आहे. धिप्पाड दर्यावर्दी माणसं हातपाय गाळून उभी राहतात आणि ॲनच्या तोंडाकडे पाहतात. डॉक्टरला आणा, वेंटवर्थच्या मित्राला, कॅप्टन बेनविकला पाठवा, त्याला गाव माहीत आहे. तिचं म्हणणं पुस्तकात पहिल्यांदाच कुणीतरी ऐकतं. थोड्या वेळाने वेंटवर्थचा दुसरा मित्र कॅप्टन हार्व्हिल याच्या घराचा जिना उतरताना तिला खालून वेंटवर्थचा आवाज येतो: इथे राहून शुश्रूषा करायला ॲनइतकं योग्य कुणी नाही. हेही ती ऐकतेच, सांगितलं कुणी नाही.

इथपर्यंत सगळे कान ॲनचे आहेत. शेवटी ऑस्टिनने हे उलटवलं, आणि ते तिला पहिल्या खेपेला साधलं नव्हतं. कादंबरी तिने 1815च्या ऑगस्टमध्ये सुरू केली आणि 1816च्या जुलैत संपवली. त्या शेवटात बाथमध्ये ॲडमिरल क्रॉफ्ट ॲनला आग्रहाने आपल्या बिऱ्हाडी नेतात आणि वेंटवर्थवर एक अवघड काम टाकतात: ॲन आता सर वॉल्टरांचा वारस मिस्टर एलियट याच्याशी लग्न करणार असेल तर एलियटांचं भाड्याने घेतलेलं घर, केलिंच हॉल, आपण रिकामं करावं का, असं तिला विचारायचं. तो विचारतो, ती नाही म्हणते, गैरसमज फिटतो आणि जमतं. वाईट नाही ते. पण त्यात ॲनच्या वाट्याला एका प्रश्नाला नकार देण्यापलीकडे फारसं काही येत नाही. भाचा लिहितो की आत्या त्या रात्री फार उदास होऊन झोपली आणि सकाळी तिला वेगळं सुचलं. तिने शेवट नव्याने लिहिला. टाकून दिलेल्या प्रकरणांचं हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांपैकी तिच्या हातचं एवढंच उरलं आहे.

नव्या शेवटात व्हाइट हार्ट या उतारगृहातली एक भरलेली खोली आहे. वेंटवर्थ टेबलाशी बसून पत्र लिहितो आहे. ते पत्र कॅप्टन हार्व्हिलच्या कामाचं. बेनविकशी लग्न ठरलेली हार्व्हिलची बहीण फॅनी वारली; तिच्यासाठी बेनविकने काढून घेतलेलं स्वतःचं छोटं चित्र आता लुईझासाठी मढवायचं आहे, कारण त्याचं लग्न आता तिच्याशी ठरलं आहे. हार्व्हिल खिडकीशी ॲनला ते चित्र दाखवतो. त्याचा आवाज कापरा होतो, फॅनी इतक्या लवकर विसरली नसती असं तो म्हणतो. तिथून बोलणं निघतं ते पुरुष जास्त निष्ठेने प्रेम करतो की बाई. टेबलाकडून काहीतरी पडल्याचा बारीक आवाज येतो. वेंटवर्थच्या हातची लेखणी खाली पडली आहे. तो वाटलं त्याहून जवळ बसलाय हे ॲनला तेव्हा जाणवतं. मग हार्व्हिल म्हणतो, सगळी पुस्तकं बायकांच्या चंचलपणाचीच साक्ष देतात. त्यावर ॲन पुस्तकांची साक्षच नाकारते: लेखणी आजवर पुरुषांच्या हातात राहिली. आणि शेवटी ती आपल्या जातीसाठी एकच हक्क मागते, आशा संपल्यावरही प्रेम करत राहण्याचा.

आता कुंपणाआड तो आहे. ती हार्व्हिलशी बोलते आहे आणि त्याच्याशीही. किती त्याच्याशी हे तिलाही पुरतं माहीत नसावं. एका कागदावर चित्राचं काम लिहिताना वेंटवर्थ दुसऱ्या कागदावर तिला लिहितो, जे ऐकू येतंय त्याला उत्तर म्हणून. हातमोजे विसरल्याच्या निमित्ताने परत येतो, कागदांखालून पत्र काढून तिच्यासमोर ठेवतो आणि निघून जातो. सगळ्या पुस्तकभर ऐकत आलेल्या बाईला कुणीतरी शब्द न् शब्द ऐकलं. वाचक त्या पत्रावर भाळतात ते बरोबरच आहे, पण त्या पत्राला पत्रपण आलं ते खिडकीशी झालेल्या बोलण्यामुळे. ते बोलणं जुन्या शेवटात नव्हतं.

या सुखावर एक सावली आहे आणि ती ऑस्टिनने पुसलेली नाही. गोष्ट 1814च्या उन्हाळ्यात, नेपोलियन हरल्यानंतरच्या शांततेत सुरू होते आणि 1815च्या सुरुवातीला संपते. त्याच मार्चमध्ये नेपोलियन एल्बाहून फ्रान्सला परतला, हे पहिल्या वाचकांना माहीत होतं. खलाशाच्या बायकोला लढाईच्या बातमीची धास्ती हा कर भरावाच लागतो, असं शेवटच्या परिच्छेदात आहे. जेनचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, आरमारात होते. चार्ल्स पुढे 1852 साली ब्रह्मदेशात इरावतीवर पटकीने गेला. वेंटवर्थ दूर होता त्या वर्षांत ॲनला त्याची खबर मिळायची ती आरमाराच्या छापील याद्यांतून आणि वर्तमानपत्रांतून. अशा याद्यांवरून बोट कसं फिरतं हे लिहिणारीला घरच्या अनुभवाने माहीत होतं.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि ॲनचं अजून जुळलेलं नाही. सगळं ठीक झाल्यावर ती वेंटवर्थला सांगते की लेडी रसेलचा तो सल्ला चुकीचा होता, पण मी तो मानला हे बरोबर होतं; आईच्या जागी असलेल्या माणसाचं मी ऐकलं नसतं तर मनाला जास्त लागलं असतं. माझ्या आईने हे ऐकून मान डोलावली होती. तिच्या पिढीला ते लगेच पटलं. मला एकोणीस वर्षांची ती मुलगी दिसते, आणि तिच्या वाट्याची आठ वर्षं. पण याच संभाषणात वेंटवर्थ एक प्रश्न विचारतो. 1808 साली लॅकोनिया जहाजाची कप्तानी मिळाली, गाठीला थोडे हजार पौंड आले, तेव्हा मी तुला लिहिलं असतं तर तू पुन्हा हो म्हणाली असतीस? ती लगेच हो म्हणते, एका दमात. सल्ला देणारी कुणी मध्ये नव्हती तेव्हा. त्याने विचारलं नाही, आणि त्याचं कारण तोच सांगतो: मानीपणा. तेव्हा विचारलं असतं तर सहा वर्षं वाचली असती.