धर... दे!

चार वर्षांच्या कुत्र्याला नवीन काही शिकवता येतं का? २०२३ च्या जुलैपर्यंत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता आणि विचारला असता तर मी खांदे उडवले असते. पुण्यात वाढलेल्या माझा कुत्र्यांशी संबंध म्हणजे रात्री दोन वाजता बाईकमागे धावणारी टोळी, एवढाच. पण ऑनसाईट गेलं की माणूस काय काय करतो!

तर स्थळ सू फॉल्स, साऊथ डाकोटा. गावात बँकांची कामं भरपूर, म्हणून आमच्यासारखे तिथे पोचतात. गावाबाहेर मका, सोयाबीन, गवत आणि त्या गवतात फेझंट. हा पक्षी मूळचा चीनकडचा, आपल्या रानकोंबड्याचा आणि मोराचा लांबचा भाऊबंद, आणि आता त्या राज्याचा राज्यपक्षी. (राज्यपक्षी आहे म्हणून मारायचा नाही, असं काही तिकडे नाही. १९१९ पासून रीतसर हंगाम असतो. दिवसाला माणशी तीन नर, मादीला हात लावायचा नाही.)

शेजारच्या आजोबांकडे डिझेल होता. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारायचो, तिकडची रीतच ती, पण मनात आजोबाच. डिझेल जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, तपकिरी, ठिपकेदार, दुसऱ्या कुणाकडून आलेला. गवतात पक्ष्याचा वास लागला की पुतळा व्हायचा. पक्षी पडला की मात्र तोंडात धरून शेतभर मिरवायचा आणि कंटाळा आला की कुठेतरी टाकून द्यायचा. आदल्या हंगामात दोन जखमी पक्षी असेच हरवले होते. आजोबा म्हणाले, "पाडलेला पक्षी सापडत नसेल तर मला बंदूक उचलायचा अधिकार नाही. या वर्षी हा शिकला नाही, तर मी थांबणार." त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जमिनीवर बसता येत नव्हतं. म्हणजे बसणार मी.

आता आमच्या घरी अंडंसुद्धा कधी शिजलं नाही. आईला फोनवर सांगितलं, "कुत्र्याला वस्तू आणायला शिकवतोय." तेवढंच.

माझी समजूत अशी की चेंडू फेकायचा, कुत्रा आणतो. आजोबा म्हणाले, फेकणं सगळ्यात शेवटी. आधी नुसतं धरणं. झाडूच्या दांड्याचा वीतभर तुकडा, त्यावर कापड गुंडाळलेलं. डिझेलने नाक लावलं की "शाब्बास" आणि चिकनचा तुकडा. मग तोंड उघडलं की. मग एक सेकंद धरलं की. गंमत म्हणजे खाऊ दिसला की तो दांडा थुंकायचा, त्यामुळे खाऊ पाठीमागच्या खिशात आणि शाबासकी दांडा तोंडात असतानाच द्यायची. इथे पाव सेकंद उशीर झाला, की आपण त्याला थुंकायला शिकवतो. "होल्ड" म्हणायच्या ऐवजी पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून "धर" निघालं आणि तेच राहिलं. आजोबाही "धर्र" म्हणायला लागले. सोडायचं तेव्हा "दे".

रोज ऑफिसातून आल्यावर पाच-सात मिनिटं, बस्स. त्याला अजून हवं असतानाच थांबायचं. दहा सेकंद धरणं, मग धरून चालणं, मग माझ्या हातातून उचलणं, मग जमिनीवरून. स्वयंपाकघरात जे पाठ झालं, ते अंगणात साफ विसरला. माझ्या मशीनवर चालतंय, सर्व्हरवर नाही, हा अनुभव आम्हाला नवा नव्हता :) प्रत्येक नव्या जागी दोन पायऱ्या मागे जायचं. कुत्र्याच्या लेखी 'धर' आणि 'अंगणात धर' हे दोन वेगळे शब्द आहेत.

आणि तो घेऊन पळाला तर मागे धावायचं नाही. तेच तर त्याला हवं असतं. उलट दिशेने आपण पळायचं, म्हणजे तो मागे येतो. आल्या आल्या तोंडातलं हिसकावायचं नाही, आधी पाठ थोपटायची. आणलेली वस्तू लगेच जाते, हे कळलं की पुढच्या वेळी तो चार हात लांबच थांबतो.

पाचवा आठवडा संपला आणि मला घाई झाली. शनिवारी आजोबा मुलीकडे गेले होते. त्यांना आल्यावर चकित करावं म्हणून मी कॅनव्हासचा डमी एका दुपारी तीसेक वेळा फेकला. विसाव्यानंतर डिझेल दात घट्ट मिटून उभा. "धर." नाही. "धर!" नाही. ऊन डोक्यावर, आठवडाभराचं रिलीज डोक्यात, आणि मी त्याचा कान धरून ओढला.

कान पिरगाळून शिकवण्याची एक जुनी पद्धत आहेच, आजोबांनी सांगितलं होतं. तोंड उघडलं की कान सोडायचा. त्यांनी स्वतः तरुणपणी वापरली होती. पण डिझेलच्या कानाकडे हात गेला की तो डोळे मिटतो, तेव्हा याच्यावर ती नको, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डिझेल ओरडला नाही. पोट जमिनीला घासत गाडीखाली गेला, आणि तो होता तिथे ओलं झालं होतं. मी तासभर गाडीशेजारी पालथा पडून राहिलो. आला नाही.

रविवारी आजोबांना सांगितलं. न सांगताही चाललं असतं, कुत्रा थोडाच चुगली करणार होता. ते बराच वेळ गप्प. मग आत जाऊन तो दांड्याचा तुकडा घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. एवढंच.

पुन्हा नाक लावण्यापासून सुरुवात. पहिले चार दिवस तर नुसतं त्याच्याजवळ बसणं, दांडा खिशातच. पण दुसऱ्यांदा पायऱ्या भराभर चढला. सप्टेंबरअखेर लांब दोरीला बांधून गवतात डमी, मग डमीला पंख बांधून, मग फ्रीजरमधलं मेलेलं कबूतर. (ते फ्रीजर आजोबांचं, खुलासा केलेला बरा.)

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. सकाळी दहाच्या आधी गोळी झाडायची नाही, म्हणून गाडीत कॉफी पीत बसलो. बंदूक एकच, आजोबांची. मी नारिंगी जाकीट घालून त्यांच्यामागे. अर्ध्या तासात डिझेल पुतळा झाला. फडफड, आवाज, आणि नर खाली आला, पण पंखच मोडलेला. फेझंट पायाने पळतो, आणि चांगलाच पळतो. पाणकणसाच्या दाटीत घुसला, मागे डिझेल.

काही दिसेना. नुसती कणसं हलत होती, मग तीही थांबली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर आजोबांनी हात वर करून थांबवलं. किती वेळ गेला कोण जाणे, मी मनात शंभरपर्यंत दोनदा मोजलं.

डिझेल दुसऱ्याच बाजूने बाहेर आला, छातीपर्यंत चिखल, तोंडात पक्षी. मी उलट दिशेने पळायच्या तयारीत होतो, पण गरज पडली नाही. सरळ चालत आला आणि माझ्यासमोर बसला. पक्षी जिवंत होता, एक डोळा उघडा, माझ्याकडे. दात कुठेही रुतलेले नव्हते.

"तुझ्याकडे आलाय, तूच घे," आजोबा म्हणाले.

मी आधी त्याची पाठ थोपटली. मग म्हटलं, "दे." हातात ऊब आली आणि भलतीच जोरात चाललेली धडधड. आजोबांनी तो माझ्याकडून घेतला आणि मान फिरवून एका क्षणात संपवला. मी बघितलं. तीन महिने ज्यासाठी गुडघ्यांवर बसलो, ते न बघणं बरं दिसलं नसतं.

त्यांनी रात्री जेवायला बोलावलं. मी बटाटे आणि मका खाल्ला, त्यांनी आग्रह केला नाही. डिझेल टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी ठेवून घोरत होता. खाली वाकून त्याच्या कानामागे खाजवलं. डोळे मिटले त्याने, पण ते झोपेमुळे असावेत.