फाटेपर्यंत वाचलेली पुस्तकं

‘वाचक सध्या कोणत्या रहस्यकादंबऱ्या आणि फँटसी वाचताहेत आणि त्यांवर काय बोलतात, हे ग्रंथपालाच्या बाजूनं लिहा,’ असं संपादकांनी कळवलं आणि मी लगेच होकार दिला. एरवी दिवाळी अंकात आम्हा ग्रंथपालांना बोलावणं येतं ते वाचनसंस्कृती लयाला चालली का, या विषयावर. त्यावर लिहून लिहून मी थकले आहे. शिवाय गेल्या श्रावणात आमच्या देवघेवीच्या टेबलापाशी झालेला एक वाद अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

वाद होता नारायण धारपांच्या ‘लुचाई’वरून. इथल्या, कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतले एक निवृत्त शिक्षक ती कादंबरी परत करायला आले होते. तरुणपणी वाचलेली, आता हौसेनं पुन्हा नेलेली. मागे रांगेत कॉलेजची एक मुलगी उभी होती. मुखपृष्ठ पाहून ती म्हणाली, “काका, हे स्टीफन किंगचं आहे. ‘सालेम्स लॉट’. मी इंग्रजीतून वाचलंय.” सरांचा चेहरा पडला. “तुझा किंग असंल मोठा. पण रात्री परड्यात जायला मला भ्या वाटायचं ते धारपांमुळं,” ते म्हणाले. मग दोघंही माझ्याकडे वळले आणि मुलीनं विचारलं, “मॅडम, तुमच्या यादीत हे पुस्तक कुणाच्या नावावर आहे?”

प्रश्न साधा वाटतो, पण आमच्या धंद्यात तो फार खोल जातो. थोडं तांत्रिक सांगते, सोसून घ्या. पुस्तकाच्या पाठीवर खाली जो आकडा चिकटवलेला असतो तो वर्गांक. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली ही दशांश पद्धत काढली. तिच्यात मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३, इंग्लंडमधल्या इंग्रजी कथा-कादंबरीला ८२३ आणि अमेरिकन कथा-कादंबरीला ८१३ हा आकडा आहे. नियम असा, की भाषांतर मूळ भाषेच्या आकड्याखाली जातं. म्हणून बाळ उर्ध्वरेषे यांनी मराठीत आणलेला हॅरी पॉटर काटेकोर ग्रंथालयात ८२३ खाली बसतो आणि ‘द दा विंची कोड’चा मराठी अनुवाद ८१३ खाली. रूपांतराचा नियम मात्र वेगळा. मजकूर, आवाका, मांडणी इतकी बदलली असेल की ते मूळ पुस्तकाचंच एक रूप म्हणता येत नाही, तर ते नव्या पुस्तकाच्या जागी जातं. म्हणजे ‘लुचाई’ला अनुवाद मानलं तर ती ८१३ खाली जाते. रूपांतर मानलं तर ८९१.४६३ खाली, ‘ययाति’ आणि ‘स्वामी’च्या रांगेत उभी राहते. आकडा लिहिणारी व्यक्ती नकळत धारपांवर निकाल देत असते.

‘लुचाई’मागे किंगची १९७५ सालची ‘सालेम्स लॉट’ आहे आणि ‘शपथ’मागे १९८६ सालची ‘इट’, हे धारपांच्या वाचकांत केव्हापासून उघड बोललं जातं. त्यात दडवण्यासारखं काही नाही आणि बोलताना आवाज खाली करायचीही गरज नाही. मराठीत ही वहिवाट जुनी आहे. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवर आपल्या कादंबरीकारांची एक अख्खी पिढी पोसली. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. प्रश्न एवढाच की नव्या मातीत कथेचं काय झालं.

त्यासाठी रूपांतर करणाऱ्यापुढच्या अडचणी पाहायला हव्यात. पाश्चात्त्य रक्तपिपासूची कथा थडग्यावर उभी असते. मेलेला माणूस पुरलेला असतो, म्हणून तो उठू शकतो. आपल्याकडे बहुतेक घरांत माणूस जाळतात आणि तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतात. मग उठणार कोण? तिकडे क्रूस पुढे धरला की ते भूत मागे सरतं. इथे त्याच्या जागी काय धरायचं? नुसता देवाचा टाक पुढे केला तर वाचक हसेल, कारण आपल्या देवांशी भुतांचं नातं वेगळं आहे. आपल्याकडे भुताला जागा असते, मान असतो, नैवेद्य असतो. तिकडचा पाद्री श्रद्धेत कमी पडला की हरतो. इथल्या पुजाऱ्याकडून आपण श्रद्धेपेक्षा विधीतल्या अचूकपणाची अपेक्षा धरतो. हे सगळं बदलताना भीतीचा स्रोतच बदलतो. धारपांनी ‘समर्थ’ या नायकाच्या कथांपासून पुढे मराठी घरातली, वाड्यातली, नात्यातली भीती इतकी ओळखीची केली की शुक्रवार पेठेतल्या मुलाला परड्यात जाववेना. माझ्या मते एवढा बदल घडला की पुस्तक मराठीचं झालं. मी ‘लुचाई’ ८९१.४६३ खालीच ठेवते.

पण त्या मुलीचं म्हणणंही मी सोडून देणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं रूपांतराचा हक्क मूळ लेखकाकडे दिला आहे आणि ऋण मान्य करणं हे सभ्यपणाचंही आहे. आज चित्र बदललं आहे आणि त्यात आपल्या गावाचा वाटा मोठा आहे. कोल्हापुरात अजब पुस्तकालय चालवणाऱ्या अनिल मेहतांनी मेहता पब्लिशिंग हाऊस उभं केलं आणि रॉबिन कुकसारखे थरारलेखक मराठीत आले. मूळ लेखक, अनुवादक, दोघांची नावं पुस्तकावर. म्हणून नोंदीत मी धारपांच्या नावाखाली ‘आधार’ अशी ओळ जोडून मूळ कादंबरीचं नाव लिहिते. शोधणाऱ्याला दोन्ही वाटांनी पुस्तक सापडलं पाहिजे. सरांना आणि त्या मुलीला मी हेच सांगितलं. दोघांचंही पूर्ण समाधान झालं नाही. पण जाताना मुलीनं ‘लुचाई’ नेली आणि सरांनी ‘सालेम्स लॉट’ची मागणी नोंदवली.

आता वाचक काय बोलतात ते सांगते, कारण त्याबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. रहस्यकथेचा वाचक फक्त ‘पुढं काय?’ एवढंच विचारतो, असं मानलं जातं. टेबलाशी बसून पाहा. “शेवट गुंडाळलाय”, “मधेच पकड सुटली”, “खुनी लवकर कळला पण कारण कळलं न्हाई”, “उगंच लांबण लावलंय”, “नादखुळा! एका बैठकीत संपवली”. ही सगळी रचनेवरची मतं आहेत. ‘शेवट गुंडाळला’ म्हणणाऱ्याला उलगड्याचं आणि उभारणीचं प्रमाण कळतं. हेच एखाद्या परिसंवादात जड शब्दांत कुणी मांडलं की त्याला आपण समीक्षा म्हणतो.

एक तक्रार मात्र उलगडून सांगायला हवी. वाचक म्हणतो, “लेखकानं फसवलं.” यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे सगळे धागे समोर असूनही मी चुकलो. ही तक्रार खरं तर कौतुक असते. दुसरी म्हणजे धागाच दाखवला नाही आणि शेवटी कुठून तरी जुळा भाऊ काढला. हा खरा राग. या दोन्हींतला फरक जुना आहे. अॅगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’वर हाच वाद पेटला. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकानं रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे, असा एक नियम आहे. आमच्याकडे सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास आणि फिरोझ इराणी नेणारे वाचक नॉक्सचं नाव न ऐकता याच कसोटीवर बोलतात.

फँटसीचे वाचक वेगळे असतात. ते बहुतेक तरुण, आणि त्यांना खून कुणी केला याच्याशी घेणं नसतं. त्या जगाचे नियम पाळले गेले का, हे ते पाहतात. मंत्र म्हटला की काहीही होतं असं दिसलं की त्यांचा रस जातो. जादूला किंमत हवी, मर्यादा हवी, आणि ती किंमत पहिल्या भागात सांगितली तर चौथ्या भागात विसरायची नाही. आठवीतला एक मुलगा मला हे हॅरी पॉटरच्या भागांतली उदाहरणं देत समजावून सांगत होता. अद्भुत कथेतही तर्क लागतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मोठ्या माणसांना मात्र हे वाचन हलकं वाटतं, आणि हा आरोप आजचा नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये. लोक या अद्भुतरम्य कादंबऱ्या आवडीनं वाचत होते. लगेच १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी कादंबरी आणि नाटकावर निबंध लिहिला आणि या अवास्तव गोष्टींवर टीका केली. तेव्हापासून आपल्याकडे ‘वास्तव’ म्हणजे थोर आणि ‘अद्भुत’ म्हणजे पोरकट, अशी वाटणी होऊन बसली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार, काळापहाड, धनंजय घराघरांत पोचले. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा किती मिळाली, ते कुठलाही खंड उघडून पाहा. ज्यांनी मराठी माणसाला वाचायची सवय लावली त्यांना आपण तळटीपेत बसवलं. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

या उपेक्षेचं खरं नुकसान ग्रंथालयात होतं. पुस्तक फाटलं, पानं सुटली की ते निर्लेखित करायचा ठराव समितीपुढे येतो. म्हणजे नोंदवहीतून कमी करून रद्दीत काढायचं. दिसायला हे रास्त आहे. पण फाटतं कोणतं पुस्तक? जे सगळ्यांत जास्त वाचलं गेलं ते. अर्नाळकरांची स्वस्त कागदावरची छोटी पुस्तकं, नाईकांच्या कादंबऱ्या, धारपांच्या जुन्या आवृत्त्या हातोहात फिरून झिजल्या आणि रद्दीत गेल्या. कुणी न उघडलेले ग्रंथ कपाटात कोरे करकरीत उभे आहेत. शंभर वर्षांनी आमची कपाटं पाहून कुणी ठरवेल की कोल्हापूरकर फक्त चरित्रं आणि प्रवचनं वाचत होते. तो निष्कर्ष साफ खोटा असेल, आणि त्याचा पुरावा आम्हीच पुसला असेल.

त्या पुस्तकांसोबत वाचकांची मतंही गेली. जुन्या प्रतींच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं: “रात्री वाचू नये”, “पहिला भाग आधी वाचा”, खाली दुसऱ्या अक्षरात “अजिबात भीती वाटली नाही”. पुस्तकावर लिहू नये, असं आम्हीच सांगतो आणि ते योग्यच आहे. तरीही अनोळखी वाचकांचा आपसांतला हा संवाद मराठी वाचनाच्या इतिहासाचं अस्सल साधन होता, यात मला शंका नाही.

आपल्या गावाला हे समजायला हवं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा भारतात सर्वांत आधी केला तो कोल्हापूर संस्थानानं, १९४५ मध्ये; मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आणि महाराष्ट्राचा थेट १९६७ मध्ये आला. ग्रंथालय सर्वांसाठी, हे ज्या गावानं आधी ओळखलं, त्या गावानं वाचकाची आवडही सर्वांच्या बरोबरीची मानली पाहिजे.

ही पुस्तकं जपून काय होणार, असं कधी कधी वाटतं. वाचक कमी झालेत, फोनवर फुकट काय काय मिळतं, हे मी रोज पाहते. पण २०१८ साली ‘तुंबाड’ चित्रपट आला, त्यामागे धारपांची कथा आहे हे कळलं आणि तरुण मुलं धारप मागू लागली. २०२४ मध्ये तो चित्रपट पुन्हा लागला तेव्हा परत तेच. भूक आहे. पुस्तक हाताशी असलं पाहिजे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. ग्रंथालयांच्या समित्यांनी लोकप्रिय कादंबरीची शेवटची प्रत निर्लेखित करू नये. ती बांधून घ्यावी, संदर्भ विभागात ठेवावी. प्रत्येक ग्रंथालयानं टेबलावर अभिप्रायाची वही ठेवावी आणि ती दप्तर म्हणून जपावी. आणि वाचकांनो, तुमच्या माळ्यावर अर्नाळकर, नाईक, धारप, शिरवळकर यांच्या जुन्या प्रती असतील तर दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या ग्रंथालयात आणून द्या, आणि वहीत लिहा की शेवट जमलाय की गुंडाळलाय.