आर्नोच्या संगमावर

फ्लोरेन्समध्ये सांता क्रोचे चर्चजवळ सान रेमिज्यो नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिच्या कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीत दोन पाट्या बसवल्या आहेत. खालची जुनी, दगडात कोरलेली. तिच्यात एक हात पाण्याच्या लाटांकडे बोट दाखवतो. तारीख 4 नोव्हेंबर 1333. वरच्या पाटीवर 4 नोव्हेंबर 1966. आर्नो नदीचं पाणी त्या दोन दिवशी कुठवर चढलं होतं, त्याच्या या खुणा. मधे सहाशे तेहतीस वर्षं गेली, तारीख तीच. फ्लोरेन्समधल्या माझ्या पहिल्या शनिवारी मी त्या पाटीखाली उभी राहिले आणि मान वर करून पाहत राहिले. पाणी माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर होतं.

मी कोल्हापूरची. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीजवळ आमचं घर, आणि खालीच बाबांचं बुक बाइंडिंगचं दुकान. 2019च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा दुकानात छातीभर पाणी होतं. पावसाळ्यात आमच्याकडे माणसं एकमेकांना आधी तब्येत विचारत नाहीत, “बंधाऱ्याला पाणी किती?” असं विचारतात. 39 फुटांना इशारा, 43ला धोका, हे आकडे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. पाणी ओसरल्यावर बाबांनी गिऱ्हाइकांची जुनी दप्तरं, पोथ्या, वह्या गच्चीत दोऱ्यांवर वाळत घातल्या. अर्ध्याहून जास्त वाया गेल्या. पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. ती कशी सोडवायची, हे शिकायला मी इथे आले.

फ्लोरेन्सलाच येण्याचं कारण 1966चा तो पूर. इथलं राष्ट्रीय ग्रंथालय अगदी आर्नोच्या काठावर आहे. त्या दिवशी तळघरात चिखल शिरला आणि दहा लाखांहून अधिक ग्रंथ, वृत्तपत्रं, हस्तलिखितं भिजली. जगभरातून विद्यार्थी आले, रांगा करून हातोहात पुस्तकं वर काढली. इथले लोक त्यांना अजून ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. इंग्लंडहून पीटर वॉटर्स यांच्यासारखे बाइंडर आले आणि भिजलेलं पुस्तक वाचवण्याचं आजचं शास्त्र बरंचसं त्या चिखलात उभं राहिलं. चर्मपत्राची मऊ, लवचिक बांधणी असलेली साधी पुस्तकं पुरात जास्त चांगली तगली, हेही तेव्हाच ध्यानात आलं. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जुजबंदी शिलाई नीट असेल तर पुस्तक मरत नाही, हे तुझे आजोबा म्हणायचेच.” आम्ही इथे फाटलेल्या पानाला जपानी कागद लावतो तो गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. दुकानातल्या खळीची ती थोरली बहीणच, फक्त जास्त निवळ.

सोमवार ते शुक्रवार कागद, आणि शनिवार-रविवार शहर, असं मी ठरवून घेतलं होतं. कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाच्या 463 पायऱ्या चढले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, तेव्हा पहाटे रांगेत उभं राहून उफित्सी पाहिलं. पण खरं सांगायचं तर गर्दीत चित्रं दिसली कमी, पाठी दिसल्या जास्त. त्यापेक्षा सांता क्रोचेमधला, चित्रकार चिमाबुएचा लाकडी क्रूस मनात राहिला. त्याचा साठ टक्के रंग 1966च्या पुराने नेला. ज्यांनी तो दुरुस्त केला त्यांनी गेलेल्या जागा खऱ्यासारख्या रंगवून लपवल्या नाहीत. जवळ गेलं की जखम दिसते, लांबून येशू दिसतो. आमच्या धंद्यातला यापेक्षा मोठा प्रामाणिकपणा मी पाहिलेला नाही.

पोन्ते वेक्यो, म्हणजे जुना पूल, हासुद्धा पुराचाच. 1333च्या पाण्याने आधीचा वाहून नेला, म्हणून 1345मध्ये हा बांधला. 1944च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकी सगळे पूल उडवले, एवढा एक ठेवला. त्याच्या शेजारचा सांता त्रिनिता लोकांनी नदीतले दगड वेचून पुन्हा उभा केला. त्याच्यावरच्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचं डोकं मात्र सापडेना. ते 1961मध्ये नदीच्या तळाशी मिळालं. संध्याकाळी त्या पुलावर टेकून मी कितीदा तरी त्या पुतळ्याच्या मानेवरची सांध्याची रेघ शोधली आहे.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा बाबांचा फोन आला. “बाळ, राजाराम महाराजांकडे गेलीस का?” मी गेले नव्हते. तिथे जायचं हे घरातून निघतानाच ठरलं होतं, तरी रोज पुढे ढकललं जात होतं. “नुसतं बघून येऊ नकोस. नमस्कार करून ये.”

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870मध्ये विलायतेला गेले. वय वीस. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी इथेच वारले. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. मृतदेह जाळायची इथे रीत नव्हती, त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. सोबतच्या माणसांनी संगम शोधला. शहराच्या पश्चिमेला, काशिने बागेच्या टोकाला, मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. तिथे महाराजांना अग्नी दिला.

रविवारी सकाळी स्टेशनजवळून टी वन ट्राम घेतली आणि काशिने स्टॉपला उतरले. हे नाव मला पहिल्यापासून ओळखीचं वाटे. खरं तर ‘काशिना’ म्हणजे गाईगुरांची वाडी, इथे एकेकाळी मेदिची घराण्याची गुरं असत. पण कोल्हापूरच्या कानाला त्यात काशीच ऐकू येते. तीन किलोमीटरहून लांब, अरुंद बाग, एका अंगाला नदी. धावणारी माणसं, कुत्री, सायकली. पुढे पुढे माणसं विरळ झाली. झाडांची मोठाली तपकिरी पानं पायाखाली वाजत होती.

मग झाडांमधून छत्री दिसली. मी थांबलेच. चार खांब, वर नक्षीची घुमटी, आणि खाली फेटा बांधलेला, गळ्यात मोत्यांचा कंठा असलेला एक कोवळा चेहरा, रंगवलेला. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आणि टाउन हॉलचा आराखडा करणारे हेच मँट. टाउन हॉलच्या बागेत मी लहानपणी खेळले आहे. त्याच हाताची रेघ साडेसहा हजार किलोमीटरवर, परक्या झाडांखाली उभी होती. स्मारक 1874मध्ये झालं. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहेत.

मी चप्पल काढली. गवत ओलं होतं, पाय गारठले. सोबत नेलेली झेंडूची चार फुलं शनिवारच्या बाजारातली होती, ती ठेवली. उदबत्ती वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा लागली. पंचगंगा घाटावर छत्रपती घराण्याच्या समाध्या आहेत, पावसाळ्यात त्या पाण्यात बुडतात आणि पाणी उतरलं की पुन्हा वर येतात. तिथे दिवा लावणारं कुणी ना कुणी असतं. इथे या वीस वर्षांच्या मुलाजवळ त्याचं माणूस कोण? या विचाराने मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. घर सोडून आलेली मीही बावीसचीच.

महाराजांनी या प्रवासात रोजनिशी ठेवली होती, इंग्रजीत. सोबत गेलेले इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी ती 1872मध्ये लंडनला छापून आणली. त्या रात्री मी खोलीवर ती संगणकावर उघडली. काय पाहिलं, कुणाला भेटलो, नेमाने लिहिलेलं. मीही शनिवार-रविवारचं असंच लिहिते. त्यांची नोंद थांबते, एवढाच फरक.

स्मारकाच्या पलीकडेच नदीवर तारांनी तोललेला मोठा पूल आहे, 1978मध्ये खुला झालेला. त्याचं नाव ‘पोन्ते आल्लिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाजवळचा पूल. रेडिओवर रोज सकाळी रहदारीच्या बातम्यांत हे नाव येतं. माझ्या घरमालकीणबाई जन्मापासून फ्लोरेन्सच्या. हा हिंदी माणूस कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. पुढच्या रविवारी त्या माझ्याबरोबर आल्या, अंगणातला एक पांढरा गुलाब घेऊन.

कोल्हापूरकरांनो, आणि इतरही कुणी, फ्लोरेन्सला जाणार असाल तर उफित्सी, घुमट सगळं बघा, पण अर्धा दिवस राखून ठेवा. काशिने स्टॉपला उतरा, नदी डाव्या हाताला ठेवा आणि बाग संपेपर्यंत चालत राहा. पाऊण तास लागतो. जाताना फुलं न्या.