दुसऱ्यांचे फॉर्म मी भरले

गोव्यातल्या आमच्या मांद्रे गावात पदवीचं शेवटचं सेमिस्टर आणि पर्यटकांचा ऐन सीझन एकाच वेळी सुरू होतात. डिसेंबरात कॉलेज सांगतं, प्रकल्पाला लागा. आणि डिसेंबरातच जुनसवाडा, आस्कावाडा भागात रिकामी खोली मिळणं कठीण होतं. ज्यांच्या घरी भाड्याच्या खोल्या आहेत, त्या घरांचा वर्षभराचा खर्च सीझनच्या चार महिन्यांतच उभा राहतो. आमचंही तसंच. सकाळी चादरी बदलायच्या, टाकी भरली का बघायचं, मग बस पकडायची आणि रात्री उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी जागं राहायचं. त्यातच ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली आणि आमच्या वाड्यावर जो तो पुढच्या वर्षी दोन खोल्या वाढवायच्या म्हणून बोलू लागला.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. माझ्याच वर्गातली एक मुलगी शॅकवर संध्याकाळची पाळी करून प्रकल्प लिहीत होती, आणि तिने तो नीट केला.

विषय मीच निवडला होता: सीझनमुळे गावातल्या बायकांच्या हातात किती पैसा येतो आणि तो कुठे जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला यापेक्षा जवळचा विषय कुठला? घरोघर जाऊन पन्नास बायकांचे फॉर्म भरायचे, असं ठरलं. मी शनिवार-रविवार धरले होते, पण पाहुण्यांची ये-जा नेमकी त्याच दिवशी. मधलामाज वाड्यातली ओळखीची काही घरं झाली. उरलेली पुढच्या आठवड्यावर ढकलली, मग त्याच्या पुढच्या. फेब्रुवारीअखेर मार्गदर्शक मॅडमनी तक्ते मागितले तेव्हा निम्म्याहून जास्त फॉर्म कोरे होते.

ते मी एका रात्रीत भरले. नावं मतदारयादीतून घेतली. अक्षर एकसारखं दिसू नये म्हणून पेनं बदलली. उत्पन्नाचे आकडे थोडे वर-खाली केले. ‘कामात समाधान आहे का?’ याला बहुतेक ठिकाणी ‘हो’ आणि मधूनच एखादं ‘नाही’. हात थांबला नाही. कारण मी मनाला सांगत होते की हे माझं गाव आहे, या बायकांना मी लहानपणापासून बघते आहे, विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. खोट्या फॉर्मांपेक्षाही ही समजूत जास्त वाईट होती, हे मला आज कळतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “सगळ्या घरी स्वतः गेला होता का?” मी “हो, सर” म्हटलं. गुण चांगले पडले.

पुढच्या वर्षी एका ज्युनिअरने मोठ्या उत्साहाने सांगितलं की त्याने माझ्या प्रकल्पातली टक्केवारी आपल्या प्रकल्पात घेतली आहे, खाली माझं नावही दिलं आहे. माझ्या पोटात गोळा आला. तोवर ते आकडे फक्त माझे होते. आता त्यांच्यावर दुसऱ्याचं काम उभं राहत होतं.

मग मी तेच फॉर्म घेऊन त्याच घरांतून फिरले. पहिल्याच घरातल्या काकी सीझनला खोल्या साफ करायला जातात. भात काढून झालं की वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी पिकाच्या, दिवसांत त्या मळ्यात मिरची लावायच्या, तीच आपली हरमल मिरची, जिला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रोपं लावणं आणि शिंपणं याच महिन्यांत येतं, आणि खोल्यांचं कामही याच महिन्यांत. दोन्ही होईना म्हणून मिरची सुटली. आता घरापुरतीही त्या विकत घेतात. माझ्या फॉर्मवर ‘उत्पन्न वाढले’ अशी चौकट होती. काय बंद पडलं हे लिहायला जागाच नव्हती. दुसऱ्या एकीला मजुरी सीझन संपल्यावर एकदम मिळते, तोवर घर दुकानाच्या उधारीवर चालतं. आणि एका घरात, मी ज्या बाईच्या नावापुढे पर्यटनातून दरमहा पंधरा हजार लिहिले होते, ती वर्षभर आजारी सासूपाशी बसून होती. तिच्या हातात एक रुपयाही आला नव्हता.

मी प्रत्येक फॉर्मात आमचंच घर भरलं होतं. आमची जमीन किनाऱ्याजवळ, खोल्या आमच्या मालकीच्या, म्हणून सीझन म्हणजे बरकत. ज्यांची जमीन नाही, ज्या आमच्यासारख्यांच्या चादरी धुतात, त्यांचं म्हणणं मी त्यांच्याच नावाने पुसून टाकलं होतं.

“तेन्ना कित्याक येवंक ना गो?” काकींनी विचारलं. त्यांच्या दारावरून मी रोज स्कूटरने जात होते.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी विभागातल्या कपाटातली प्रत काढून घेतली आणि मला लेखी द्यायला सांगितलं. ते मी दिलं आहे. गुणांचं काय करायचं ते कॉलेज ठरवील. ज्युनिअरला वेळ होता, त्याने आपलं प्रकरण बदललं.

माझ्या प्रकल्पाच्या झेरॉक्स पेडणे तालुक्यात आणखी काही मुलांकडे गेल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. ज्यांच्याकडे ती असेल, त्यांनी तिसऱ्या प्रकरणातला एकही आकडा वापरू नये. आणि ज्यांचं शेवटचं सेमिस्टर आता चालू आहे, त्यांनी पन्नास घरं जमली नाहीत, बाराच जमली, तर बाराच फॉर्म जोडावेत आणि मुखपृष्ठाच्या आत स्पष्ट लिहावं: बारा.