तिला नाही म्हणता येत नाही

धमनीला मान आहे. ती तुंबली की नागपूरला पळापळ होते, अँजिओग्राफी होते, नातेवाईक फाईल काखेत मारून या मजल्यावरून त्या मजल्यावर धावतात. शिरेलाही कामापुरती ओळख आहे. सलाईन लावायला आलेली सिस्टर मनगट थोपटून तिलाच शोधत असते. या दोघींच्या मधे जी राबते, त्या केशवाहिनीचं नाव वॉर्डात कुणी घेत नाही. डॉक्टर फार तर लेकराच्या नखावर अंगठा दाबून सोडतात आणि पांढरं पडलेलं नख परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघतात. दोनेक सेकंदांत रंग आला तर ठीक. रेंगाळला तर अंगातलं पाणी कमी झालंय, नाहीतर रक्ताभिसरण ढासळतंय. तिची हजेरी घेतली जाते ती एवढीच.

नुसत्या डोळ्यांना ती दिसतच नाही. लांबी जेमतेम मिलिमीटरभर, रुंदी 5 ते 10 मायक्रॉन, आणि भिंत एका पेशीच्या जाडीची. रक्तातली तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची, म्हणजे पुष्कळदा हिच्याहूनही रुंद. ती अंग दुमडून, एकामागे एक, भिंतीला घासत पुढे सरकते. वाट अरुंद म्हणजे रक्ताचा जोर वाढत असेल असं वाटतं, पण इथे एकटीचा हिशेब चालत नाही. या अब्जावधी जणींची रुंदी एकत्र मोजली तर महाधमनीच्या शेकडो पट भरते. म्हणून रक्त मंदावतं, सेकंदाला अर्ध्या-एक मिलिमीटरवर येतं. त्या एक-दोन सेकंदांत प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, साखर पेशींकडे जाते. सगळी देवघेव रोखीची.

विल्यम हार्वेनं 1628 साली रक्त अंगभर फिरतं हे मांडलं, पण धमनीतलं रक्त शिरेत नेमकं कुठून जातं ते त्याला दिसलं नव्हतं. 1657 साली तो वारला. चार वर्षांनी माल्पिगीनं सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसात ही पाहिली. मला कौतुक हार्वेचं जास्त. न दिसलेली वाट त्यानं असणारच म्हणून धरून ठेवली.

स्वभावानं ती मोकळी. चरबीत विरघळणारं काहीही तिच्या भिंतीतून आरपार जातं. साखर आणि क्षार पेशींमधल्या फटींतून वाट काढतात. मोठी प्रथिनं तेवढी ती बहुतेक आत राखते, कारण पाणी त्यांच्याच ओढीनं रक्तात टिकतं. बहिणी मात्र वेगवेगळ्या वळणाच्या. मूत्रपिंडातलीच्या अंगाला खिडक्याच आहेत, यकृतातलीला तर भगदाडं. मेंदूतली सगळ्यांत कडक. तिनं पेशींचे सांधे घट्ट बुजवून घेतलेत. पण चरबीत विरघळणाऱ्याला तीही फारसं अडवू शकत नाही.

मे महिन्यात यवतमाळचा पारा 45 अंशांकडे सरकला की कातडीतल्या हिच्याकडे रक्ताचा लोंढा वळवला जातो. आतली उष्णता कातडीपर्यंत आणायची मोठी सोय हीच. चेहरा तांबारतो, घाम सुटतो. उन्हाचा हा कारभार पुढे लागणार आहे.

पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणीकडच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या पाड्यांवर, आणि गोंड-परधान वस्त्यांमध्ये तिला वेगळ्याच पेशींशी गाठ घालावी लागते. सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भात इतर समाजांतही आहे, पण आदिवासी भागात त्याचा ताप अधिक. यात हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. प्राणवायू सोबत आहे तोवर पेशी गोल, मऊ, गुणी. तो उतरवला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कडक होऊ लागतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू उतरवून घेणं तर हिचंच काम! म्हणजे हिनं चोख काम केलं की हिच्याच गळ्याशी येतं. बचावाला एकच गोष्ट आहे, वेळ. पेशी वाकायला थोडा अवधी लागतो आणि तेवढ्यात ती बहुधा शिरेत निसटून जाते. ताप आला, थंडी बाधली, पाणी कमी पडलं की रक्त रेंगाळतं आणि विळे वाटेतच अडकतात. मग हाडं ठणकतात, तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात. भरपूर पाणी प्या, हा आरोग्यसेविकेचा सल्ला म्हणूनच वरवरचा नाही. रक्त तपासून ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, एवढी अक्षरं आता पोडावरही ओळखीची होत चालली आहेत. या आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये सुरू झालं. मुदत 2047 ची.

आणि 2017 चा तो हंगाम. जुलै ते ऑक्टोबरमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखाना गाठावा लागला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकामागून एक रुग्ण येत राहिले. या माणसांनी औषध प्यालेलं नव्हतं, पिकावर मारलेलं होतं. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्याही वर गेली होती, फवारा तोंडावरच येत होता.

कातडीच्या सगळ्यांत वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात, पण त्याच्या लगेच खाली ही बसलेली असते. ऑरगॅनोफॉस्फेट जातीची बहुतेक कीटकनाशकं चरबीत विरघळतात. पाठीवरचा पंप गळतो, ओघळ कमरेवरून जांघेत उतरतो, आणि जांघेतली कातडी हातावरल्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेते. फुफ्फुसात तर हिची आणि वायुकोशाची भिंत मिळून एक मायक्रॉनचीही आड नाही. नंतर सगळीकडून एकच बोल ऐकू आला, मजुरांनी सुरक्षा कीट घातला नव्हता. भर उकाड्यात रबरी हातमोजे आणि प्लास्टिकचा अंगरखा घालून पाठीवर भरलेला पंप वागवायचा, तर उष्णता बाहेर टाकायला निघालेल्या हिची वाटच बंद होते. अंगरखा काढावा, तर त्याच उन्हानं रक्तानं भरलेली ही विष उचलायला तयारच. कीट घाला म्हणणाऱ्यानं तो चढवून दुपारी चार तास फवारून बघावं.

असा रुग्ण आला की आधी भिजलेले कपडे उतरवतात आणि साबण लावून अंग धुतात, केस आणि नखांच्या बेचक्यांसकट. कपडे अंगावर असेपर्यंत खाली ही विष उचलतच असते. मग शिरेतून अॅट्रोपीन, या विषावरचा उतारा. ते हृदयात जातं, फुफ्फुसातून फिरून धमन्यांत येतं, आणि लाळ गाळणाऱ्या ग्रंथींपर्यंत, चिकट पाण्यानं भरलेल्या श्वासनलिकांपर्यंत त्याला हीच नेऊन सोडते. छाती कोरडी वाजेपर्यंत डॉक्टर मात्रा वाढवत राहतात.