वाटाघाटीची विद्या

‘औद्योगिक संबंध’ या शब्दप्रयोगातील पहिला शब्द सर्वांच्या ध्यानात राहतो. दुसरा मात्र निसटतो. ‘संबंध’ हा आपल्याकडे नात्यागोत्यासाठी वापरला जाणारा शब्द. भाजीबाजारात घासाघीस फिसकटली, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानी जाते. कारखान्यातील तंट्याला ती सोय नाही. आज जे एकमेकांसमोर ठाकले आहेत, त्यांनाच उद्या भोंगा होताच एका छपराखाली काम करावयाचे असते.

नोकरी सांभाळून मी या विषयाचा अभ्यास केला. कायद्याची कलमे पाठ झाली, समेट आणि लवाद यांतील भेद कळला. परंतु वाटाघाट ही काय चीज आहे, हे मला उमगले ते अहमदाबादच्या १९१८ सालच्या गिरणी-लढ्याची हकीकत वाचताना.

१९१७ साली त्या शहरात प्लेगची साथ होती. कामगारांनी गाव सोडून जाऊ नये म्हणून मालकांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला. काहींना तो पगाराच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत मिळे. साथ ओसरली तसा मालकांनी तो बंद करण्याचे ठरविले. युद्धामुळे झालेली महागाई मात्र ओसरली नव्हती. कामगारांनी ५० टक्के पगारवाढ मागितली. मालक २० टक्क्यांपलीकडे जाईनात. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते, तर कामगारांच्या बाजूला त्यांची थोरली बहीण अनसूयाबेन. तंटा असा एका घराच्या उंबऱ्यातच उभा होता.

गांधीजींनी प्रथम चौकशी केली. पगार, महागाई आणि गिरण्यांची स्थिती पाहून ३५ टक्के हा आकडा न्याय्य ठरविला आणि तो कामगारांच्या गळी उतरविला. वाटाघाटीतील सर्वांत कठीण काम मला हेच वाटते. प्रतिपक्षाला खाली आणण्याची भाषा सारेच करतात. आपल्याच माणसांना ५० वरून ३५ वर आणण्यास त्यांचा पूर्ण विश्वास लागतो.

२२ फेब्रुवारीला टाळेबंदी झाली. रोज साबरमतीकाठी बाभळीच्या झाडाखाली सभा भरत. पुढे उपासमारीने निर्धार ढळू लागला, तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभिले. या उपोषणाने मालकांवर दडपण आले, हा दोष त्यांनी स्वतःच मान्य केला आहे. १८ मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निवाडा होईपर्यंत २७॥ टक्के.

ही केवळ शब्दांची कसरत, असे कोणी म्हणेल. एका दिवसाच्या ३५ टक्क्यांनी प्रतिज्ञेचे अक्षरच तेवढे पाळले जाते, हे गांधीजींनीही कामगारांना स्पष्ट सांगितले होते. परंतु पहिल्या दोन दिवसांनी दोन्ही पक्षांची मान ताठ राहिली, म्हणूनच तिसऱ्या दिवशी ते निवाडा तिऱ्हाइताच्या हाती सोपवू शकले. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच दिले. १९२० साली तेथे मजूर महाजन ही संघटना उभी राहिली आणि लवादाची परंपरा रुजली.

मुंबईचे चित्र याच्या उलट. १८ जानेवारी १९८२ रोजी तेथे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या कायद्यानुसार बोलणी करण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. बहुसंख्य संपकऱ्यांचा विश्वास मात्र डॉ. दत्ता सामंत यांच्यावर होता. ज्याला खुर्ची होती त्याच्यामागे माणसे नव्हती, आणि ज्याच्यामागे माणसे होती त्याला खुर्ची नव्हती. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. हजारो कुटुंबांच्या चुली विझल्या, मुलांच्या शाळा सुटल्या, कित्येकांनी गावची वाट धरली.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा अधिकार देण्याची तरतूद आहे. ती योग्यच होय. तथापि कायदा फार तर खुर्ची मांडून देईल. समोरच्याचा मान राखून बोलावे कसे, हे ज्याचे त्यालाच शिकावे लागते. भावाभावांत वाटणीचा प्रश्न निघतो, सासूसुनेत कुरबुर होते, तेव्हाही पाहावयाचे तेच: आपली मागणी वस्तुस्थितीला धरून आहे काय, आणि तडजोडीनंतर दोघांनाही मान वर करून एका पंक्तीला बसता येईल काय?