नदीकाठचं वर्ष

रविवार, ६ जुलै २०२५

आषाढी. दुपारी भगर-आमटी आटोपून अर्जाला बसले. जर्मन चान्सलर फेलोशिपमध्ये विषय आपला आणि संस्थाही आपणच शोधायची. हुम्बोल्ट प्रतिष्ठान वर्षभराचा खर्च उचलतं, सोबत येणाऱ्या नवऱ्या-मुलांसाठी भत्ता देतं, भाषेचे वर्गही करवून घेतं. पण तिकडे कोणाकडे काम करणार ते अर्जातच लिहायचं आणि त्यांचं पत्र जोडायचं. म्हणजे पैसे मिळतील की नाही हे कळण्याआधी गाव ठरवायला हवं.

माझ्यासमोर दोन गावं आहेत. बर्लिनमधली पाणीधोरणावर काम करणारी एक संस्था तयार आहे. डॉर्टमुंडच्या एका प्राध्यापिकाबाईंनीही होकार कळवलाय. त्या एम्शर नदीवर काम करतात. घरी, ऑफिसात, सोसायटीच्या जिन्यात, जो तो बर्लिन म्हणतो. एवढं सगळं कुणी देतंय तर राजधानीत राहावं, असं सगळ्यांचं म्हणणं.

मंगळवार, १५ जुलै

आज घरी पोचायला उशीर. राहूकाळात लिंबाचे दिवे लावायला आलेल्या बायकांनी बनशंकरीच्या देवळासमोरचा कनकपुरा रस्ता भरून गेला होता. सासूबाईंची कुलदेवता बदामीची बनशंकरी, त्यामुळे बंगळूरात घर घेताना त्यांनी याच भागाचा हट्ट धरला होता. माणूस राहायची जागा किती वेगवेगळ्या कारणांनी निवडतो!

रात्री एम्शरचं वाचत बसले. ऱ्हूरच्या कोळसापट्ट्यातून वाहणारी ही नदी शंभराहून जास्त वर्षं उघडं गटार होती. त्यामागे निव्वळ हेळसांड नव्हती. खाली कोळसा उकरला जात होता, जमीन खचत होती, आणि खचत्या जमिनीत पुरलेले नळ फुटले असते. म्हणून मैलापाणी उघड्यावरूनच न्यायचं ठरलं. नदी सरळ केली, तिला काँक्रीटचा तळ घातला आणि दोन्ही बाजूंना कुंपण. १८९९ मध्ये त्यासाठी एम्शर सहकारी संघ उभा राहिला. गावं, खाणी, कारखाने सगळे त्याचे सभासद, आणि जो जितका भार टाकेल त्याने तितकी वर्गणी द्यायची. पुढे खाणी बंद होत गेल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे जमिनीखालून नळ टाकता आले. १९९० च्या दशकात काम सुरू झालं. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटरचा मैलापाण्याचा बोगदा, वाटेत तीन पंपघरं, आणि एकूण खर्च ५०० कोटी युरोंच्या वर. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये मैलापाणी जायचं थांबलं.

तीस वर्षं! आपल्याकडे तीन वर्षांच्या योजनेतही दोनदा अधिकारी बदलतो.

शनिवार, १९ जुलै

सकाळी वृषभावतीवर गेले. बसवनगुडीतल्या नंदीच्या देवळाजवळ हिचा उगम सांगतात. आमच्या बनशंकरीच्या पश्चिमेकडच्या उताराचं पाणी तिलाच जाऊन मिळतं. म्हणजे मोरीत टाकलेल्या माझ्या भांड्यांच्या साबणाचंही गाव तेच.

म्हैसूर रस्त्याच्या कडेला उभी राहिले. वर मेट्रोचा पूल, खाली काळं पाणी. काठाच्या भिंतीला चिकटून घरं. एका घराच्या मागच्या खिडकीला जाडं प्लास्टिक खिळ्यांनी ठोकलेलं होतं, आणि ते वाऱ्याने फडफडू नये म्हणून खालच्या कडेला विटांची ओळ. घरातली बाई दारात तांदूळ निवडत होती. मी विचारलं, खिडकी कायमची बंद का? म्हणाली, उन्हाळ्यात वास येतो म्हणून, पावसाळ्यात पाणी येतं म्हणून. मग उघडता कधी? ती नुसती हसली.

हे पाणी पुढे बिडदीजवळच्या बैरमंगल तलावात जातं आणि त्यावर शेती होते. तिथे फेसाचे डोंगर मी पाहिलेत. अर्जात विषय म्हणून मी हेच लिहिलंय : घाण सोसत काठावर राहिलेली माणसं, नदी सुधारल्यावर तिथेच राहू शकतात का?

गुरुवार, २४ जुलै

परदेशी शिकायला गेलेली आपली माणसं कुठे राहिली, हे शोधण्याचा नाद लागलाय. बाबासाहेब १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. आधी हार्टले हॉलमध्ये उतरले, तिथलं जेवण मानवेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेनांसोबत. पुढे लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या घरात राहिले, तेव्हा दिवस सगळा ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचा. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं. बॉनच्या विद्यापीठातही त्यांनी नाव घातलं होतं, जर्मनही शिकले होते.

इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. फेलोशिप नव्हती, सासरे धोंडो केशव कर्व्यांचा विरोध होता, पैसे जीवराज मेहतांनी उसने दिले. डाहलेमच्या संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक. मानवी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक वंशावर ठरतो, असं फिशरना अपेक्षित होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, हे प्रबंधात लिहिलं. कवट्या बर्लिनला होत्या म्हणून त्या बर्लिनला गेल्या. मला हे कारण पटतं. ज्या गोष्टीला हात लावून बघायचं ती जिथे आहे, तिथे राहायचं. माझी नदी बर्लिनला नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

वरमहालक्ष्मी. शेजारच्या मामींकडे हळदीकुंकू आणि होळिगे. संध्याकाळी घरातली सभा.

नवऱ्याचा मुद्दा साधा आहे. चिरंजीव चार वर्षांचे. बर्लिनमध्ये बालवाडीची फी नाही, फक्त जेवणाचे थोडे पैसे. तो म्हणाला, “तू नदीवर जाशील, मी आणि पिल्लू दिवसभर काय करायचं?” प्रश्न रास्त होता, म्हणून लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर ठेवला. डॉर्टमुंड ज्या राज्यात आहे तिथेही शाळेआधीची शेवटची दोन वर्षं फी नसते, आणि आमचं पोर नेमकं त्याच वयात असेल. जागा मिळवायची खटपट दोन्हीकडे करावी लागेल. घरभाडं मात्र बर्लिनमध्ये फार जास्त. महिन्याच्या एका पासावर देशभरच्या साध्या गाड्यांत फिरता येतं. एसेन, गेल्सेनकिर्शेन, ओबरहाउझेन, एम्शरची सगळी गावं त्यात येतात, अन् सुट्टी काढून बर्लिनही.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, पण बर्लिनला आपली माणसं असतील. सणाला चार घरं हवीत.”

त्यांच्या काळजीला माझ्याकडे आकड्यांत उत्तर नाही. त्या स्वतः लग्न होऊन बंगळूरला आल्या तेव्हा गल्लीत एकही मराठी घर नव्हतं, हे त्यांनीच मला कितीदा सांगितलंय. आज शेजारच्या मामींच्या होळिगेचं पुरण त्यांनीच वाटून दिलं होतं. ते आठवून दिल्यावर म्हणाल्या, “ते खरं, पण मला कन्नड यायला चार वर्षं लागली. तुझ्याकडे एकच आहे.” म्हणून उद्यापासून जर्मनचा अभ्यास रोज पहाटे. बर्लिनमध्ये इंग्रजीवर निभावलं असतं. डॉर्टमुंडच्या म्हाताऱ्या खाणकामगारांशी बोलायचं तर निभायचं नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

आजपासून पिवळी मेट्रो सुरू. आर. व्ही. रोडला इतकी गर्दी की बनशंकरीच्या हिरव्या गाडीतही पाय ठेवायला जागा नव्हती.

दुपारी डॉर्टमुंडच्या बाईंशी बोलणं झालं. मी विचारलं, घर कुठे शोधू? त्यांनी ह्योर्डे सुचवलं. तिथे पोलादाचा मोठा कारखाना होता आणि एम्शर त्याच्याखालून नळातून जायची. कारखाना बंद पडला, जागा खणली, आणि २०१० च्या ऑक्टोबरात तिथे तळं भरायला घेतलं. त्याचं नाव फिनिक्स तलाव, २४ हेक्टरचा. नदी आता उघड्यावर, तलावाशेजारून वाहते. तलावाकाठी महागडी घरं उठली. मागच्या बाजूला जुन्या कामगारांच्या चाळवजा इमारती आहेत. मी म्हटलं, मला मागची बाजू हवी. त्या हसल्या नाहीत, उलट त्यांनी लगेच दोन रस्त्यांची नावं लिहून दिली, आणि म्हणाल्या की भाडं तिथेही चढतंय, आत्तापासून बघायला लागा.

बर्लिनच्या संस्थेला आभाराचं पत्र धाडलं. अर्जातल्या यजमान संस्थेच्या रकान्यात डॉर्टमुंड लिहिलं. आता राहिलंय ते मी वृषभावतीतून घेते त्या पाण्याच्या नमुन्यांचं. वर्षभर म्हैसूर रस्त्यावरून ते कोण भरणार? ऑफिसातली नवी मुलगी तयार आहे, पण तिला बाटली प्रवाहाच्या मध्यातून भरायला शिकवावं लागेल. काठाचं पाणी वेगळं निघतं. शनिवारी तिला घेऊन जाते. खिडकीवाल्या बाईंशीही ओळख करून देईन.